आत्याच्या विद्यापीठात

साखरेच्या बरणीला टेकवून ठेवलेल्या फोनमधून आत्या बोलत होती. तिचं म्हणणं बरोबर निघेल अशी भीती नेहमीच असायची, त्यामुळे टेबलाभोवतीचे सगळे आधीच कपाळाला आठ्या घालून बसले होते.

"मोठ्या विद्यापीठात काही अर्थ नाही," आत्या म्हणाली. "वर्गात चारचारशे पोरं. शिकवणाऱ्याला नुसती डोकी दिसतात. भुंगीला त्या छोट्यातच घाला. बारा जणांचा वर्ग, प्रत्येकाला स्वतःचा मायक्रोस्कोप. आणखी काय हवं?"

बाबांनी कप खाली ठेवला. "ताई, तू स्वतः त्या मोठ्यात शिकवतेस."

"म्हणूनच सांगतेय."

"आणि मी तिथेच शिकलो."

"म्हणूनच सांगतेय," आत्या पुन्हा म्हणाली.

आईला हसू आलं, पण ते तिने पावाच्या तुकड्याबरोबर गिळलं. आत्याच्या विनोदाला हसायचं नाही, हा तिचा लग्नापासूनचा नियम होता. आज तर पंचाईत आणखी मोठी होती. छोटं, खाजगी विद्यापीठ ही मुळात आईची निवड. लहान जागा, ओळखीचे चेहरे, पोरगी जेवली की नाही हे कुणाच्या तरी लक्षात येईल, असं ती महिनाभर एकटीच सांगत होती. आणि आता अचानक नणंद येऊन तिच्याच बाजूला उभी राहिली होती. इतक्या वर्षांत दोघींचं एकमत फक्त एकदा झालं होतं, बैठकीच्या खोलीतल्या पडद्यांच्या रंगाबद्दल, आणि ते पडदे भयंकर दिसले होते.

"मला जरा विचार करायला हवा," आई म्हणाली.

"कसला विचार? तूच तर म्हणत होतीस, वहिनी!"

"म्हणत होते. तेव्हा तुम्ही म्हणत नव्हता."

जिच्यावरून हे चाललं होतं ती भुंगी टेबलाच्या टोकाला बसून पावाला लोणी लावत होती. चालायला लागल्यापासून ती पानांखालचे, दिव्याभोवतीचे भुंगेरे पकडून निरखत बसायची, म्हणून हे नाव पडलं. शाळा संपली आणि आता ती त्यांचाच अभ्यास करायला निघाली होती. दोन्ही विद्यापीठांनी तिला घेतलं होतं. छोट्याने शिष्यवृत्तीही देऊ केली होती, त्यामुळे पैशांवरून भांडायचीही सोय उरली नव्हती. होकार उद्यापर्यंत कळवायचा होता. कुठे जायचं, हे भुंगीला मात्र अजून कुणी विचारलं नव्हतं.

"मी सांगतो," अण्णा म्हणाले आणि सगळे गप्प झाले.

अण्णा म्हणजे भुंगीचे आजोबा. खालच्या मजल्यावरचा कवळ्यांचा कारखाना त्यांनी उभा केला. आता तो बाबा चालवत असले तरी अण्णा रोज सकाळी खाली उतरून मेणातल्या दातांवरून अंगठा फिरवून यायचे. कुणीही भेटलं की ते आधी दात बघत, मग चेहरा.

"कुठेच जायची गरज नाही," अण्णा म्हणाले. "खाली काम काय कमी आहे? किडे बघायला भिंगच लागतं ना? भिंग खाली आहे."

फोनमधून उसासा ऐकू आला. "अण्णा, मलाही तुम्ही असंच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. ऐकलंस का? मग झालं तर."

ती जुनी गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. आत्याने तर्कशास्त्र शिकायचं म्हटलं तेव्हा अण्णा नाही म्हणाले. का नाही, असं तिने विचारलं तर म्हणाले, "मी म्हणतो म्हणून." दुसऱ्या दिवशी आत्या बॅग घेऊन शहरात गेली ती तिथेच शिकली, तिथेच शिकवायला लागली. ती घरी यायची, जेवायची, भांडायची, पण अण्णांनी तिच्या विद्यापीठात कधी पाऊल टाकलं नव्हतं. कुणी बोलावलंही नव्हतं.

"आपण बघून येऊ," आई एकदम म्हणाली. "दोन्ही. आजच."

"इकडे?" आत्याचा आवाज चढला. "इकडे कशाला? आज नको. मला तास आहेत. आणि पार्किंग अजिबात मिळत नाही."

आईने फोनकडे रोखून पाहिलं. ती लोकांना गाडी चालवायला शिकवत असे. गावातल्या निम्म्या ड्रायव्हरांचे पाय कधी ना कधी तिच्या ओरडण्याने ब्रेकवर गेले होते. अशा बाईला पार्किंगची भीती घालायची? आत्या कशाला तरी घाबरली होती. आणि आत्या घाबरलेली बघायची संधी आई सोडणार नव्हती.

"पार्किंगचं मी बघते, ताई," ती गोड आवाजात म्हणाली आणि फोन ठेवला.

*

गाडी कारखान्याची होती. दोन्ही बाजूंना हसरी बत्तिशी रंगवलेली. आई चालवत होती, बाबा शेजारी, अण्णा आणि भुंगी मागे, तयार कवळ्यांच्या खोक्यांबरोबर.

छोट्या विद्यापीठाचं फाटक ते थांबायच्या आतच उघडलं. पायऱ्यांवर संचालिका बाई स्वतः उभ्या होत्या.

"या, या! भुंगीच म्हणतात ना तुला घरी?"

भुंगी थिजली. "यांना कसं कळलं?" तिने आईच्या कानात विचारलं.

"फोनवर बोलता बोलता निघालं असेल माझ्या तोंडून," आई पुटपुटली.

संचालिका बाई त्यांना घेऊन निघाल्या. गवत एका उंचीचं, भिंती नुकत्या धुतल्यासारख्या. समोरून येणारा प्रत्येक विद्यार्थी थांबून "हाय, भुंगी" म्हणत होता. प्रयोगशाळेत पांढऱ्या टेबलांवर बारा मायक्रोस्कोप मांडलेले होते आणि शेवटच्यावर भुंगीच्या नावाची चिठ्ठी आधीच चिकटवलेली होती. कपाटात काचेखाली भुंगेरे होते, एका आकाराचे, एका अंतरावर, प्रत्येकाखाली छापील नाव.

"हे तुम्ही पकडले?" भुंगीने विचारलं.

"छे, संच मिळतो तयार," संचालिका म्हणाल्या. "एकही नमुना अनोळखी नाही. मुलांचा गोंधळ होत नाही." मग त्या बाबांकडे वळल्या. "आणि तुम्ही कवळ्या बनवता! किती नाजूक कला आहे ती."

बाबा जागच्या जागी उंच झाले. त्यांच्या कामाला आजवर कुणी कला म्हटलं नव्हतं. लोक फार तर म्हणायचे, बोचतेय. त्या एका शब्दासरशी मोठं विद्यापीठ, तिथली जुनी वर्षं, मित्र, सगळं बाबांच्या मनातून पार पुसलं गेलं.

"नाजूकच," ते म्हणाले. "हिरडीचा रंग जमायला फार वेळ लागतो."

"मला सगळं ऐकायचंय त्याबद्दल," संचालिका म्हणाल्या, आणि बाबा सांगायला लागले.

अण्णा आईजवळ सरकले. "बाईंचे वरचे पुढचे चार खोटे आहेत," ते त्यांच्या मते हळू आवाजात म्हणाले. "पण काम चांगलं आहे."

"अण्णा!"

आईला मात्र दुसरंच काही टोचायला लागलं होतं. एका मुलीने येऊन सांगितलं की ती भुंगीची सोबतीण असेल. एका मुलाने सांगितलं की दर आठवड्याला भुंगीला कसं वाटतंय ते विचारलं जाईल, आणि वाईट वाटत असेल तर का, तेही. आईला हेच हवं होतं. महिनाभर हेच मागत होती ती. पण समोर मिळाल्यावर तिचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जाऊ लागला. शिकवायच्या गाडीत तिच्या पायाखालीही एक ब्रेक असे, आणि कधीतरी तो पाय उचलून घ्यावाच लागतो, नाहीतर शिकणारा जन्मभर शेजारच्या सीटकडे बघत गाडी चालवतो. ही माणसं भली होती, पण पाय उचलणाऱ्यातली नव्हती.

"इथे आम्ही विद्यार्थी-शिक्षक असं काही मानत नाही," निरोप देताना संचालिका म्हणाल्या. "आम्ही एक कुटुंबच आहोत."

भुंगीने त्यांच्याकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं, जिथे बाबा, आई आणि अण्णा पुढे कुणी बसायचं यावरून एकाच वेळी बोलत होते.

*

"काय जागा आहे!" गाडी रस्त्याला लागताच बाबा म्हणाले. "ठरलं. इथेच घालायचं."

"मला नाही पटत," आई म्हणाली. "मोठंच बरं."

"अगं, महिनाभर तू हेच छोटं छोटं करून माझं डोकं खाल्लंस!"

"आणि तुम्ही मोठं मोठं करून. आता बदललं ना तुमचं? मग माझंही बदललं."

"मी बदललो म्हणून तू बदललीस?"

"तुम्ही त्या बाईंना हिरडीचे रंग सांगत होता ना, तेव्हाच बदलले मी."

मागे अण्णा भुंगीला म्हणाले, "हे दोघं एका बाजूला आले की मला सांग. मी झोपतो."

मोठ्या विद्यापीठाला फाटक होतं, पण ते केव्हातरी एका बाजूला कलंडलं होतं आणि कुणी सरळ केलं नव्हतं. पहारेकरी सफरचंद खात होता. बत्तिशी रंगवलेली गाडी आत शिरली तरी त्याने मान वर केली नाही. पार्किंग खरोखरच नव्हतं. आईने दोन झाडांच्या मध्ये, कुणालाही अशक्य वाटेल अशा फटीत, गाडी एका दमात घातली आणि ते बघायला आत्या तिथे नाही याची हळहळ वाटून खाली उतरली.

"चला माझ्यामागून," बाबा म्हणाले. "मला इथला कोपरा न् कोपरा माहीत आहे."

त्यांनी सगळ्यांना प्राणिशास्त्राच्या इमारतीत म्हणून नेलं ते निघालं हिशेब खातं. दुसऱ्या इमारतीत पाट्या होत्या, पण बाण एकमेकांकडे दाखवत होते. बाबांनी तिघांना वाट विचारली आणि तिघांनीही ती वेगवेगळी सांगितली. कुणी "हाय, भुंगी" म्हटलं नाही. कुणी बघितलंही नाही.

एवढ्यात घंटा झाली. लांबलचक व्हरांड्याच्या दोन्ही बाजूंची दारं उघडली आणि पोरांचे लोंढे बाहेर पडले. बॅगा, कोपरे, हसणं, धावणं. आई भिंतीला चिकटली, बाबा एका खांबाला. गर्दी ओसरली तेव्हा व्हरांड्यात बाबा, आई आणि भुंगी उरले होते.

"अण्णा?" बाबा म्हणाले.

*

अण्णांना कुणी ढकललं नव्हतं. ते नुसते चालत राहिले होते, कारण थांबायला जागाच नव्हती. अर्धी गर्दी बाहेर येत होती आणि अर्धी दुसरीकडे आत जात होती. अण्णा आत जाणाऱ्यांत सापडले. एका दारातून शिरले तर समोर उतरत्या रांगांचं प्रचंड सभागृह. गुडघ्यांना पायऱ्या नको होत्या म्हणून ते सगळ्यात मागच्या रांगेत टेकले. शेजारच्या मुलीने बॅग सरकवून जागा केली आणि च्युइंगगम पुढे केलं.

"नको," अण्णा म्हणाले. "कवळीला चिकटतं."

"सॉरी," ती म्हणाली, आणि एवढंच. तुम्ही कोण, इथे कशाला, कुणाचे कोण, काही नाही. अण्णांना ते फार आवडलं. घरी साधं खिडकीत उभं राहिलं तरी तिघं येऊन विचारत, काय बघताय.

खाली दूरवर, मंचावर, एक बोटाएवढी बाई माइकसमोर आली. लांबचा चष्मा गाडीत राहिला होता.

"कुणीतरी मोठं माणूस म्हणतं म्हणून गोष्ट खरी ठरत नाही," भिंतींवरचे स्पीकर म्हणाले. "हे समजून घ्यायला आपण आपल्या नेहमीच्या वडिलांकडे जाऊ."

सभागृहात खसखस पिकली. पोरं सावरून बसली.

"तर, वडील कवळ्या बनवतात."

अण्णा पुढे वाकले.

"मुलगी म्हणते, मला शिकायचंय. वडील म्हणतात, नाही. मुलगी विचारते, का नाही? आणि वडील काय म्हणतात?"

"मी म्हणतो म्हणून!" चारशे पोरं एका आवाजात ओरडली. छताचे पंखे हलले असतील.

अण्णांनी दोन्ही हातांनी समोरचं बाक धरलं. स्पीकरमुळे आवाज फाटत होता, पण 'काय' म्हणताना शेवटी वर जाणारा तो सूर त्यांनी लेकीच्या पाळण्यापासून ऐकला होता.

"हे वडील म्हणजे भारी आहेत," शेजारची मुलगी कुजबुजली. "मागच्या वेळी काय म्हणाले माहितीये? चांगले दात असलेला माणूस कधी खोटं बोलत नाही. का, तर त्यांचा एक मित्र होता, त्याचे दात चांगले होते आणि तो खोटं बोलायचा नाही."

"नव्हताच बोलत तो," अण्णा म्हणाले.

"आणि एक वहिनी पण आहे. ती म्हणते, तुम्ही ज्या बाजूला आहात ती बाजू चुकीचीच असणार." मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. "मॅडमना हे कसं सुचतं कोण जाणे."

अण्णांना सकाळचं टेबल आठवलं. त्यांना संताप यायला हवा होता, आणि ते त्याची वाट बघत बसले. पण तो काही येईना. खाली ती बोटाएवढी बाई इकडून तिकडे फिरत होती, हात उडवत होती, आणि ती बोलायची थांबली की चारशे पोरं श्वास धरून थांबत होती. घरी तर तिचं एक वाक्यही कुणी पुरं होऊ देत नसे.

त्यांनी हात वर केला. कुणाला दिसेना, तेव्हा उठून उभे राहिले.

"मला विचारायचंय!" पॉलिशच्या मशीनवरून ओरडायची सवय असलेला आवाज, माइक लागला नाही.

"हो, अगदी मागे. बोला."

"त्या वडिलांचं म्हणणं बरोबर असलं तर?"

"असू शकतं की. पण म्हणणं बरोबर असलं तरी 'मी म्हणतो म्हणून' हे त्याचं कारण होत नाही."

"कारण असेल दुसरं. आणि ते सांगता येत नसेल तर?"

पोरांनी माना वळवल्या. मंचावरची बाई फिरायची थांबली.

"मग ते सांगता येईपर्यंत," ती सावकाश म्हणाली, "मुलीने ऐकायची गरज नाही." आणि मग तिने दिव्यांसमोर हाताचा आडोसा धरून वर पाहिलं.

"अण्णा?" स्पीकर म्हणाले.

सगळं सभागृह मागे वळलं. मग शेजारची मुलगी उभी राहिली, अण्णांकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "हेच ते!" आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की अण्णांना वाटलं, आपल्या मागे कुणीतरी थोर माणूस आलाय. त्यांनी वळून पाहिलं. मागे भिंत होती.

*

इकडे शोधाशोध चालू होती. बाबा वरच्या मजल्यावर, आई बाहेर गाडीकडे, आणि भुंगीला तळमजला. "कुठे जाऊ नकोस," असं दोघांनीही बजावलं आणि दोघंही निघून गेले. जरा वेळाने भुंगीच्या लक्षात आलं की ती एकटी आहे. आजूबाजूला हजारो माणसं होती आणि त्यातल्या एकालाही तिचं नाव माहीत नव्हतं.

ती दारं ढकलत गेली. एक उघडलं.

आत जुन्या लाकडी कपाटांच्या रांगा होत्या, छतापर्यंत, आणि डांबरगोळ्यांचा वास. कुणी नव्हतं. तिने एक खण ओढला. भुंगेरे. हिरवे, काळे, तांब्याच्या रंगाचे, काहींचे पाय मोडलेले, काही तिरके टोचलेले, कुणीतरी घाईघाईने ठेवून दिल्यासारखे. तिने बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या वाचायला मान वाकवली. बहुतेकांवर एकच शब्द होता: अनोळखी.

दुसरा खण. अनोळखी. तिसरा. तिने शेजारचं कपाट उघडलं, मग त्याच्या शेजारचं. इतके किडे इथे आणून ठेवले होते आणि ते कोण आहेत हे बघायला अजून कुणाला वेळच झाला नव्हता.

खिशात फोन वाजला तेव्हा ती जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि नाकाला धूळ लागली होती.

"भुंगी," आत्या खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "अण्णा माझ्याकडे आहेत. सगळ्यांना घेऊन कँटीनमध्ये ये. आणि आईला म्हणावं, आधी माझं ऐकून घे."

*

कँटीनमधल्या टेबलाचा एक पाय आखूड होता. आत्या त्यावर कोपर टेकून बसली होती आणि चेहरा फिका पडला होता. अण्णा चहात बिस्किट बुडवत होते. दर दोन मिनिटांनी कुणीतरी पोरगं येऊन विचारत होतं, "सर, एक फोटो?" आणि अण्णा कवळी दाखवून हसत होते.

आईला सगळं कळायला दोन फोटो लागले.

"वन्सं," ती म्हणाली. ती आत्याला एरवी ताई म्हणायची. वन्सं फक्त भांडणाला निघत असे. "मी नेमकी कुठल्या चुकीचं उदाहरण आहे?"

"एकाच नाही," आत्या म्हणाली.

"म्हणजे?"

"तीन-चार आहेत. पण वहिनी, खरं सांगू? मुलांना तू फार आवडतेस. परीक्षेत सगळ्यात जास्त उत्तरं तुझ्यावर बरोबर येतात."

आईने खुर्ची ओढली आणि बसली.

"म्हणून सकाळपासून छोट्यात घाला, छोट्यात घाला!" बाबा म्हणाले. "भुंगीने इथे येऊन घरचं काही सांगितलं असतं की सगळं बाहेर!"

"हो," आत्या म्हणाली. "तसं छोटं चांगलंही आहे. म्हणणं बरोबर होतं. कारण सांगता येत नव्हतं." आणि मग तिने पटकन अण्णांकडे पाहिलं. अण्णा बिस्किटात गुंतले होते.

बाबा खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आणि मी? माझं काय उदाहरण देतेस?"

"तुझं नाही देत."

"का? मी काय कधी चुकत नाही?"

"चुकायला आधी मुद्दा मांडावा लागतो रे. तुझा मुद्दा अजून यायचाय."

आई हसली. आधी नाकातून, मग तोंड दाबून, मग टेबलावर डोकं ठेवून. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, ते एकदम बाहेर आलं. आखूड पायाचं टेबल डुगडुगलं, चहा सांडला. आत्या आधी घाबरून बघत राहिली आणि मग तिलाही आवरेना. दोघी एकमेकींचे हात धरून हसत होत्या आणि बाबा कागदी रुमालाने चहा पुसत म्हणत होते, "यात हसण्यासारखं काय आहे? मी गंभीरपणे विचारलंय."

"पुरे," अण्णा म्हणाले. "या पोरीला कुणी विचारलंय का, तिला कुठे जायचंय?"

सगळे भुंगीकडे वळले. तिच्या नाकावर धूळ बघून आईचा हात रुमालाकडे गेला, पण तिने तो मध्येच थांबवला आणि आपल्याच मांडीवर ठेवला.

"इथे," भुंगी म्हणाली.

"अगं, पण तिथे तुझ्या नावाचा मायक्रोस्कोप..." बाबा म्हणाले. "आणि त्या बाई किती प्रेमाने म्हणाल्या, आम्ही एक कुटुंबच आहोत..."

"बाबा, कुटुंब आहे मला. एक पुरतं."

भुंगीला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो, आणि ती घाईघाईने पुढे सांगू लागली. "इथे एक खोली आहे. कपाटंच्या कपाटं भुंगेरे आहेत आणि त्यांना नावच नाही. कोण आहेत ते कुणाला माहीत नाही. तिथले सगळे आधीच ओळखीचे आहेत. मग मी तिथे जाऊन करू काय?"

आत्या डोळे पुसत होती, हसण्याचे की कसले ते तिलाच ठाऊक. "पण इथे तुला सगळे ओळखतील गं. आजच्यानंतर तर नक्कीच."

"मी कुणाची कोण ते मी सांगणार नाही. तूही सांगायचं नाहीस. व्हरांड्यात भेटलीस तर मान फिरवायची. आणि माझं उदाहरण द्यायचं नाही."

"कबूल."

"नक्की?"

आत्याने विचार केला. ती तर्कशास्त्राची होती, भलतंसलतं वचन देणाऱ्यातली नव्हती. "तू काही फारच सुंदर चूक केलीस तर नाव बदलून देईन."

"मला पटतंय," आई म्हणाली.

"मलाही पटतंय म्हणजे," बाबा म्हणाले, "मी तर आधीपासून मोठंच म्हणत होतो." आणि या मुद्द्यावर मात्र त्यांच्याशी कुणी वाद घातला नाही. त्यांचा चेहरा जरा पडलेला होता. अण्णांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"हिरडीचा रंग तुझ्यासारखा कुणाला जमत नाही," ते म्हणाले. बाबांनी दचकून वडिलांकडे पाहिलं आणि मग उगाचच सगळ्यांचे रिकामे कप गोळा करू लागले.

*

परत निघताना अण्णा आत्याला म्हणाले, "चल घरी. उद्या सुट्टी आहे ना?" तिने घड्याळ बघितलं, काहीतरी कारण शोधलं, आणि ते न सापडल्यामुळे गाडीत बसली. भुंगीला आईने पुढे आपल्या शेजारी घेतलं, बाबा दाराशी अंग चोरून बसले, आणि मागे कवळ्यांच्या खोक्यांमध्ये अण्णा आणि आत्या.

आईने झाडांच्या फटीतून गाडी मागे घेतली. आत्याने खिडकीतून दोन्ही बाजूंचं अंतर पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, मानलं तुला." आईने नुसता गिअर बदलला, पण तिच्या मानेचा मागचा भाग खूश दिसत होता.

शहर मागे पडलं. पुढे भुंगी आईला सांगत होती की भुंगेऱ्यांच्या पंखांवर पंख असतात, आणि आई चक्क ऐकत होती. मागे खोकी एकमेकांवर घासल्याचा आवाज येत होता.

"ते हसत होते," अण्णा शेवटी म्हणाले, "ते माझ्यावर ना?"

आत्याने हातातल्या बॅगेचा पट्टा गुंडाळला, सोडला. "हो, अण्णा."

"सगळे?"

"सगळे नसतील," ती म्हणाली. "माझ्या तासाला मागच्या रांगा झोपलेल्याच असतात. शेवटपर्यंत आवाज पोचतो की नाही देव जाणे."

अण्णांनी मान हलवली.

"मी मागच्याच रांगेत होतो," ते म्हणाले. "एकही झोपला नव्हता."